सर्व हक्क समितीच्या स्वाधीन

आमच्या कॉलनीत कायद्याचं राज्य आलं ते एका गुलाबाच्या फुलामुळे. त्याआधी डोंबिवलीत कायदा नव्हता असं नाही. पण तो कल्याणच्या कोर्टात नाहीतर ठाण्याच्या कचेऱ्यांत राहायचा आणि आमच्या स्टेशनावर क्वचितच उतरायचा.

नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं. केबल नुकतीच घरोघर आलेली. आमची केबल ज्याची होती तो नाल्यापलीकडच्या गावठाणातला आगरी तरुण. आमच्या इमारती जिथे उभ्या होत्या तिथे कधीकाळी त्याच्या आजोबांची भातशेती होती, पण हा विषय आमच्याकडे काढायची पद्धत नव्हती. आम्ही त्याला केबलवाला म्हणायचो, तो आम्हाला सोसायटीवाले. सिनेमे आणि मालिका तो दाखवायचा, ते काय, सगळेच दाखवायचे. त्याचं वेगळेपण होतं एका रिकाम्या चॅनेलवर. तिथे दिवसभर एक गुलाबाचं फूल दिसायचं, दवबिंदूंसकट, आमच्या टीव्हीवर जरासं निळं पडलेलं. फुलामागून गाणी वाजायची आणि दोन गाण्यांच्या मध्ये त्याचा आवाज यायचा. पाणी किती वाजता येणार, कुणाचं पाकीट कुठे सापडलं, कोणत्या बिल्डिंगमध्ये कुणाचा वाढदिवस आणि त्यांच्या आवडीचं पुढचं गाणं. या प्रकाराला आम्ही रेडिओ म्हणायचो. फुलाला काय म्हणायचं ते कधी ठरलं नाही.

खऱ्या रेडिओवर निवेदक व्हायचं ही त्याची लहानपणापासूनची इच्छा. आवाजाच्या चाचणीला तो गेलेला. आवाज उत्तम, असं त्याला सांगितलं आणि घरी पाठवलं, कारण तो पाण्याला ‘पानी’ म्हणायचा आणि नळाला ‘नल’. ती चाचणी घेणाऱ्यांच्या नळाला पाणी तसंच येत असणार, उच्चार पाहून थांबत नसणार; पण परीक्षकांना असलं काही सुचत नाही. मग त्याने स्वतःच वायर ओढली. केबल पोटासाठी होती. माइक त्याचा स्वतःचा होता.

त्या माइकवर एका रविवारी सकाळी गंडांतर आलं. मी तेव्हा तिथेच होते. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीची चिठ्ठी द्यायला मी त्याच्या खोलीवर गेलेले. गोठ्यावर बांधलेली ती खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेले, खाली म्हैस. तेवढ्यात सफारी सूट घातलेला, बगलेत चामडी पाकीट धरलेला एक गृहस्थ जिना चढून वर आला. गाण्यांच्या हक्कांची वसुली करणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा हा साहेब. त्याने आधी अंड्यांच्या ट्रेंकडे पाहिलं, मग माणसाकडे.

“लायसन्स आहे?”

“केबलचा?”

“गाण्याचं.”

“गान्याचा कसला लायसन? कॅसेट इकत घेतलीय, साहेब. स्टेशनाजवलच्या दुकानातून. पावती दाखवू?”

“ती घरात ऐकायला.”

“घरातच आयकतात सगले. रस्त्यावर उभा राहून कोन आयकतो?”

“त्यांच्या घरात. तुमच्या नव्हे.”

“माजी कॅसेट माज्याच घरात वाजते. वायर तेवढी त्यांच्या घरात जाते.”

साहेबाने डोळे मिटून घेतले. हे संभाषण त्याने कल्याणपासून इथवर प्रत्येक केबलवाल्याशी केलं असणार. मग त्याने समजावून सांगितलं. ज्या कंपनीने गाणं मुद्रित केलं तिचा एक हक्क. ज्यांनी शब्द लिहिले आणि चाल बांधली त्यांचा दुसरा. दोघांचे परवाने वेगळे, दोघांची कार्यालयं वेगळी.

“आनि गानारा?” केबलवाल्याने विचारलं.

“त्याचं काम त्याने केलं, त्याचे पैसे त्याला मिळाले.”

“म्हंजे ज्याच्यासाठी लोक आयकतात, तो सोडून बाकी सगल्यांचा हक्क.”

“कायदा मी केलेला नाही,” साहेब म्हणाला.

हे वाक्य म्हणणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर त्याबद्दल खेद दिसला नाही.

तो महिन्याभराची मुदत देऊन गेला. परवान्याची रक्कम ऐकून केबलवाल्याने माझ्या सासऱ्यांची चिठ्ठी हातात तशीच धरून ठेवली. सासऱ्यांना त्यांचं गाणं मिळालं नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना ऐकूच येत नसे.

इथे आमच्या फेडरेशनचे अध्यक्ष प्रवेश करतात. कॉलनीतल्या सगळ्या सोसायट्यांचं मिळून एक फेडरेशन होतं, आणि केबलची वायर आमच्या गच्च्यांवरून जात असल्यामुळे केबलवाल्याची शेंडी त्यांच्या हातात होती. अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, विधुर, एम.ए., एलएल.बी. वकिली त्यांनी एक दिवसही केली नव्हती, त्यामुळे कायद्यावरचा त्यांचा विश्वास शाबूत होता. निवृत्तीनंतर माणसाचं पद जातं असा लोकांचा समज असतो. अध्यक्षांच्या लेटरहेडवर ते आधीपेक्षा मोठ्या टायपात आलं होतं.

गुलाबाच्या फुलावर संकट आल्याचं कळताच त्यांनी सभा बोलावली. “आपली कॉलनी सुसंस्कृत आहे,” ते म्हणाले. “आपल्या गच्चीवरून चोरीची गाणी जाणार नाहीत.” याच गच्च्यांवरून गेली दोन वर्षं चोरीचे सिनेमे जात होते आणि अध्यक्ष ते न चुकता पाहत होते. सिनेमाबद्दल मात्र कुणी साहेब अजून जिना चढला नव्हता.

सभेत एक उपसमिती नेमली गेली: सांगीतिक प्रसारण व हक्क नियंत्रण उपसमिती. नाव लिहिताना माझ्या पेनातली शाई संपली. तिच्यात मी होते, कारण इतिवृत्त लिहायला बाईचं अक्षर चांगलं असतं असं ठरलं, आणि मी ठाण्याच्या एका वाचनालयात नोकरीला असल्यामुळे मला पुस्तकं फुकट मिळतात असाही समज होता. महिला प्रतिनिधी म्हणून एका निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, अविवाहित, करड्या, उच्चारांच्या बाबतीत कुणालाही क्षमा न करणाऱ्या. त्यांचं आणि अध्यक्षांचं पाण्याच्या टाकीवरून काही वर्षं बोलणं नव्हतं. समितीत ते दोघे माझ्यामार्फत बोलायचे. बाकीचे सभासद चहाला यायचे.

केबलवाल्याशी जो करार झाला तो असा: साहेबाला समिती तोंड देणार, कायदा समिती पाळणार, गाणी समिती निवडणार. बदल्यात माइक समितीकडे.

“माइक कनाला पन?” त्याने कारण विचारलं.

“उच्चार,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. एकाच शब्दात. तो त्यांनी फार सुंदर उच्चारला.

गच्च्यांवरची वायर आठवून त्याने मान हलवली. जिना उतरताना मला म्हणाला, “ताई, माज्याच वायरीवर मी मुका.” पुढचे कित्येक महिने तो गोठ्यावरच्या खोलीत बसून बटणं दाबायचा आणि मुख्याध्यापिका बोलल्या की त्यांच्याबरोबर त्याचे ओठ हलायचे.

समितीचा पहिला उपाय सोपा होता. कंपनीची कॅसेट वाजवायची नाही, तर आपणच गायचं. कॉलनीत सुगम संगीताचे वर्ग चालायचे आणि तिथे शिकणाऱ्यांना श्रोते मिळत नव्हते. ते आता वायरीला बांधून मिळाले. गुलाबाच्या फुलामागून दोन आठवडे शेजारणींची गाणी ऐकू आली. काहींना पेटी सापडायची, काहींना पेटीच्या मागून यावं लागायचं. मग साहेब परत आला. त्याने ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, आणि विचारलं, “शब्द कुणाचे? चाल कुणाची?” गायलं तुम्ही असेल, पण दुसरा परवाना लागणारच. अध्यक्षांना हे माहीत असायला हवं होतं. त्यांनी ते माहीत असल्यासारखी मान डोलावली.

दुसरा उपाय जास्त भयंकर निघाला. शब्दही आपले, चालही आपली. अध्यक्षांच्या जवळ कविता होत्या. त्या कायम त्यांच्या जवळच राहिल्या असत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं. त्या सगळ्या पहाटेच्या होत्या. त्यांच्या कवितेत सूर्य ज्या थाटात उगवायचा तसा तो एमआयडीसीच्या धुरातून उगवलेला मी तरी कधी पाहिला नाही. चाली मुख्याध्यापिकांनी लावल्या, आणि प्रत्येक चाल ऐकताना आपण रांगेत उभे आहोत आणि मागून कुणीतरी टपली मारणार आहे असं वाटायचं. लोकांनी आवाज बंद केला आणि फूल चालू ठेवलं.

आवाज बंद झाल्याचा फटका भलतीकडेच बसला. पाण्याच्या वेळा कुणाला कळेनात. आधी केबलवाला सांगायचा, “आज पानी चारला येनार, बालद्या लावून ठेवा.” आता मुख्याध्यापिका निवेदन करायच्या, “नागरिकांना अवगत करण्यात येते की आज जलवितरण विलंबित राहील.” हे ऐकायला कुणी नव्हतं, आणि जे होते ते वाक्य संपेपर्यंत नळाजवळ पोचत नव्हते. आठवड्यातून दोनदा तरी अख्खी कॉलनी कोरड्या बादल्या घेऊन जिन्यात उभी असायची आणि महापालिकेला शिव्या द्यायची. महापालिकेचा त्यात खरंच दोष नव्हता; तिच्या बाबतीत हे एवढं एकदाच म्हणता येईल म्हणून नोंदवून ठेवते.

तिसरा उपाय अध्यक्षांना सापडला तो मी आणून दिलेल्या पुस्तकात. मी ते त्यांना गप्प बसवण्यासाठी आणलं होतं. ठाण्याच्या आमच्या वाचनालयात कॉपीराइट कायद्याचं एक जाडजूड विवेचन धूळ खात पडलेलं. ते वाचण्यात त्यांचे दोन महिने जातील असा माझा हिशेब. चार दिवसांत अध्यक्ष त्यात पेन्सिलच्या खुणा करून परत आले. “पारंपरिक गीताला मालक नसतो,” ते म्हणाले. “आणि पुढचं ऐका. मालक नसलेल्या गीताचं जो ध्वनिमुद्रण करतो, त्या मुद्रणाचा मालक तो.” त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी याआधी फक्त पागडीची जागा हेरणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली होती.

पारंपरिक गीत आणायचं कुठून? केबलवाल्याची आत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. ती धवला गाते. गाण्यातून सगळ्या देवांना लग्नाला बोलावते, हळद दळवते, नवऱ्याला नवरीच्या दारी आणते, आणि शेवटी आलेल्या देवांना मानाने परत पाठवते. भटजी असतो, पण देवांशी बोलणी हिची.

केबलवाला अडून बसला. “आत्या गाईल. पन निवेदन मी करनार.”

अध्यक्षांनी विचार केला. “लोकगीताच्या कार्यक्रमापुरतं चालेल,” ते म्हणाले. “त्या उच्चारांनी जरा अस्सलपणा येईल.” त्याचे उच्चार अशुद्धाचे अस्सल व्हायला समितीला सहा महिने आणि दोन उपाय लागले.

आत्या ठरल्या दिवशी आली ती अंगावर सगळं सोनं घालून. धिप्पाड, नाकात नथ, आवाज असा की खालची म्हैस उठून उभी राहिली. आल्या आल्या तिने विचारलं, “फोटू पन दिसनार कं?” फक्त गुलाबाचं फूल दिसतं असं कळल्यावर ती रागावली. “मंग हे सोना कनाला घातलाय मी? फुलाला दाखवाला?” भाच्याने तिची समजूत घातली. ती माइकसमोर मांडी घालून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “नवरा कोन?”

“कसला नवरा?” अध्यक्ष म्हणाले.

“लगीन कोनाचा हाय? नवरा सांगा, नवरी सांगा. मंग गाते.”

“लग्न कुणाचंच नाही, बाई. हे फक्त रेकॉर्डिंग आहे.”

आत्या उठायला लागली. “लगीन नाय तं देवांना बोलवू कनाला? ते येनार, त्यांना काय सांगू, चुकून बोलावला? नाय बाबा.”

भाच्याने तिचा हात धरून तिला बसवलं आणि अध्यक्षांकडे वळला. गाण्यात नवरानवरीची नावं घालावीच लागतात, नावं नसतील तर ते गाणं होतच नाही, हे त्याने सांगितलं. मला ते स्वच्छ ऐकू आलं. अध्यक्षांना घड्याळ दिसत होतं. “घाला हो कुठलंही नाव,” ते म्हणाले. “आपल्याला संगीताशी मतलब.”

“कुठला पन चालंल?” आत्याने खात्री करून घेतली.

“चालेल.”

तिने खोलीत नजर फिरवली. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहून तिने मला सोडलं. मग ती अध्यक्षांना म्हणाली, “तुमचा नाव काय?”

कार्यक्रमाच्या प्रमुखाचं नाव कलावंत विचारतो आहे, ही गोष्ट अध्यक्षांना योग्य वाटली. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, देशावरचं मूळ गाव सांगितलं. पदव्याही सांगितल्या.

“बायको?”

“वारली,” अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले.

“बरा,” आत्या म्हणाली, आणि मुख्याध्यापिकांकडे वळली. “बाई, तुमचा?”

श्रेयनामावलीत अध्यक्षांच्या मागे राहणं मुख्याध्यापिकांना मान्य नव्हतं. त्यांनीही वडिलांच्या नावासकट सगळं सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, म्हणजे अशिक्षित बाईचा गोंधळ व्हायला नको. “मालक?” “मी अविवाहित आहे.” आत्याने समाधानाने मान हलवली. केबलवाल्याने मान खाली घालून यंत्राची बटणं तपासायला घेतली. ती बराच वेळ तपासली.

मग आत्या गायली. अर्धापाऊण तास, न थांबता. मी आजपर्यंत पुष्कळ मैफली ऐकल्या, त्यातल्या बऱ्याचशा झोपेत. पण ते गाणं ऐकताना पाठ ताठ करून बसावं लागलं. शब्द मला फारसे कळले नाहीत. अध्यक्षांना आणि मुख्याध्यापिकांना मुळीच कळले नाहीत. ते दोघे डोळे मिटून, सुशिक्षित माणसं लोककलेसमोर मान हलवतात तशी सावकाश मान हलवत होते. मधे कुठेतरी आपलं नाव आलं की अध्यक्ष किंचित हसायचे.

कॅसेट तयार झाली. सुरुवातीला केबलवाल्याचं एक वाक्य ठेवलं आणि त्याच्यामागे मुख्याध्यापिकांच्या आवाजात घोषणा: या गीताचे ध्वनिमुद्रण, प्रसारण व विक्री यांचे सर्व हक्क समितीच्या स्वाधीन आहेत. साहेब येऊन ऐकून गेला. पारंपरिक गीत, स्वतःचं मुद्रण. त्याला बोट ठेवायला जागा नव्हती. तो निराश होऊन जिना उतरला, आणि त्या क्षणी अध्यक्षांच्या डोक्यात हवा गेली. त्यांनी केबलवाल्याला बजावलं की यापुढे गावठाणात कुणाच्या मांडवात ही कॅसेट वाजली तर समितीची लेखी परवानगी लागेल. कॅसेटच्या प्रती काढून शहाडपासून ठाण्यापर्यंतच्या गावांत विकायच्या, असा बेतही त्यांनी मांडला. कालपर्यंत परवान्याच्या नावाने खडे फोडणारा माणूस परवाना द्यायच्या खुर्चीत बसला की त्याला ती खुर्ची किती चटकन मानवते, हे पाहण्यासारखं होतं.

कॅसेट रविवारी सकाळी वाजली. लोकाग्रहास्तव ती रोज सकाळसंध्याकाळ वाजवायचं ठरलं. लोकांनी आग्रह केला नव्हता, पण आवाज मात्र पुन्हा चालू केले, कारण ती खरंच गात होती. “काय मातीचा वास आहे!” असं आमच्या समोरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीतही प्लास्टिकची फुलं होती.

मंगळवारी गावठाणातली भाजीवाली माझ्या दारात टोपली उतरवत होती. आत टीव्हीवर धवला चाललेला. ती थबकली, ऐकू लागली, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून उंबऱ्यावरच बसली. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणलं तर ती ते पिऊ शकेना.

“काय झालं ग?”

“तुमच्या अध्यक्षांचा लगीन लागतंय,” ती म्हणाली. “तीन दिस झाले, गावात सगल्या बाया चुलीवरचा टाकून आयकतात.”

मग तिने मला एकेक ओळ सोडवून सांगितली. डोंगरावरच्या देवीपासून खाडीकाठच्या देवापर्यंत सगळ्यांना आमंत्रण गेलं होतं. मुख्याध्यापिकांना, त्यांच्या पूर्ण नावाने, हळद लागली होती. लाजून त्यांनी तोंड लपवलं होतं. देशावरून अध्यक्ष घोड्यावर बसून निघाले होते, एम.ए., एलएल.बी. या पदव्या मुंडावळ्यांसारख्या कपाळावर बांधून. त्यांना येताना पाहून नवरीच्या सख्या वेशीवर उभ्या होत्या. अक्षता पडल्या होत्या. आणि या सगळ्याचे हक्क समितीच्या स्वाधीन होते, हे समितीनेच दिवसातून दोनदा जाहीर केलं होतं.

बाजारात ही बातमी अध्यक्षांच्या आधी पोचलेली. मासळीच्या ओट्यांवरून जाताना त्यांना एक कोळीण म्हणाली, “काय नवरदेव, एकटेच? नवरीला नाय आनली?” हे नेहमीचं गिऱ्हाईक पटवणं असावं असं समजून ते पुढे गेले. दुसरी म्हणाली, “पापलेट न्या, शिकलेल्या बायकोला काटं काढाला जमनार नाय.” तेव्हाही त्यांना कळलं नाही. कळलं मुख्याध्यापिकांना. त्यांच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईने त्यांच्या पायाला हात लावून विचारलं, “आता माजा काम कंच्या घरात?”

त्या संध्याकाळच्या सभेला चहाला येणारे सभासदही वेळेवर आले. मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि टाकीच्या भांडणानंतर पहिल्यांदाच अध्यक्षांशी थेट बोलल्या. “रविवारपासून माझं लग्न दिवसातून दोनदा लागतं आहे. तुमच्याशी. हे कुणाच्या परवानगीने?”

अध्यक्षांना अर्थ सांगण्यात आला. सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते सविस्तर केलं. त्यांचा चेहरा आमच्या टीव्हीवरच्या गुलाबासारखा झाला. “पुसून टाका,” ते केबलवाल्याला म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

“मी कसा पुसू?” केबलवाला म्हणाला. “हक्क तुमचे. उद्या बोलाल, समितीच्या मालाची नासधूस केली. ठराव द्या. कारन लिहून.”

मी इतिवृत्ताची वही उघडली. “कारण काय लिहू?”

एका सभासदाने चहा आणखी आहे का विचारलं. मी पेन धरून बसून राहिले, कारण मला घाई नव्हती.

मग आत्याला बोलावणं गेलं. नावं काढून पुन्हा गा, असा अध्यक्षांचा हुकूम. आत्या दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मना बोलले, कुठला पन नाव घाल. यांनी बापाचा पन नाव सांगितला, गावाचा पन सांगितला. मना वाटला, मानसाला घाई हाय. आता लगीन लागला, देव जेवून परत गेले. लावायचा काम माजा. मोडायचा काम मी करत नाय.” जाता जाता वळून म्हणाली, “आनि मना नारल कोनी दिला नाय अजून.”

“ते राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “दुसरं गाणं गा. नावाशिवाय.”

“नावाशिवाय तुमचा तरी लेटर निघतो कं?” आत्या म्हणाली आणि गेली.

कॅसेटचा धंदा त्याच रात्री बुडाला. प्रत्येक मांडवात अध्यक्ष बोहल्यावर चढणार असतील, तर ती विकत कोण घेणार? मालकी पक्की होती, शंभर टक्के. फक्त तिचा उपयोग जगात एकाच लग्नाला होता, आणि त्या लग्नाचे दोन्ही पक्ष नकार देत होते. कायद्याच्या पुस्तकात ही शक्यता नव्हती. अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी प्रकृतीच्या कारणास्तव समितीचा राजीनामा दिला आणि काही दिवस पुण्याला मुलीकडे जाऊन राहिले. प्रकृतीचं हेच सोयीचं असतं. ती ठराव मागत नाही.

मुख्याध्यापिकांनी काय केलं ते मी सांगते, कारण मला ते अपेक्षित नव्हतं. त्या गोठ्यावरच्या खोलीचा जिना चढल्या. नेहमीप्रमाणे माइकसमोर बसल्या. पाण्याच्या वेळेचा कागद हातात घेतला, तो थोडा वेळ वाचला आणि माइक केबलवाल्याकडे सरकवला. “तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितलं की लोक बादल्या लावतात.” मग पिशवीतून एक नारळ आणि खण काढून टेबलावर ठेवला. “हा तुमच्या आत्याला द्या. लग्न कुणाचं का असेना, तिचा मान बुडवायला नको.” आणि जिना उतरताना कठड्याला धरून म्हणाल्या, “ती नावं मात्र तिने अगदी शुद्ध घेतली हो.”

त्या दिवशी दुपारी गुलाबाच्या फुलामागून तो बोलला. गाणं नव्हतं, घोषणा नव्हती. “आज पानी साडेतीनला. बालद्या लावा. उद्या नाय, उद्या पाइपलाइनीचा काम हाय.” तेवढंच. जिन्यात बालद्यांचा खडखडाट झाला.

गाणी मात्र परत आली नाहीत. परवान्याचे पैसे त्याच्याकडे आधीही नव्हते, तेव्हाही नव्हते. तो नुसता बोलत राहिला: पाणी, वीज, हरवलेल्या किल्ल्या, गावठाणातली लग्नं. लग्न असलं की आत्या खोलीत येऊन स्वतः गायची, खऱ्या नवऱ्याचं, खऱ्या नवरीचं नाव घालून. ते एकदाच गायलं जायचं आणि संपायचं. त्यावर हक्क सांगायला कुणाला वेळच मिळत नसे.

हल्ली लोक इंटरनेटवर रेडिओ चालवतात. त्यांनाही म्हणे नियम आहेत, कुठलं गाणं किती कानांनी ऐकलं याचा हिशेब द्यावा लागतो. मला त्या कानांची काळजी वाटत नाही. मला वाटते ती अशा रेडिओसाठी कुठेतरी नेमल्या गेलेल्या समित्यांची.

साहेब त्यानंतर एकदाच आला. तेव्हाही मी तिथे होते. सासऱ्यांचा चष्मा हरवलेला. साहेबाने खोलीभर पाहिलं. कॅसेटी नव्हत्या.

“गाणी?”

“नाय.”

“मग दिवसभर वाजवता काय?”

“मी बोलतो.”

“कुणी लिहिलेलं?”

“पान्याचा टाइम महापालिकेनं लिहिलाय. त्यांचा पन हक्क असतो कं?”

साहेबाने पाकीट बंद केलं. दारापर्यंत गेला आणि थांबला. बगलेतलं पाकीट त्याने या हातातून त्या हातात घेतलं. “शहाडचं काही कळतं का हो?” त्याने विचारलं. “आमच्याकडे कालपासून थेंब नाही.”

“तुमच्याकडं माजी वायर येत नाय, साहेब,” केबलवाला म्हणाला, आणि माझ्या सासऱ्यांच्या चष्म्याबद्दल सांगायला त्याने माइक जवळ ओढला.